कराटेच्या शैली: तुमच्या वर्गात तास कशावर जातो?

पन्हाळकर

कॉलेजात असताना कोल्हापुरात शोतोकान शैलीचं कराटे केलं. मग नोकरी, लग्न, पुणे आणि मध्ये मोठा खंड. पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा घराजवळ मिळाला तो वर्ग गोजू-रयूचा (रयू म्हणजे शैली). पांढरा पट्टा बांधून गेलो, शिरस्त्याप्रमाणे मागच्या रांगेत उभं राहायला जागा शोधली, तर तिथे रांगाच नव्हत्या.

शोतोकानमध्ये आमचा निम्मा वेळ किहोनमध्ये, म्हणजे मूळ हालचाली घटवण्यात जायचा. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झेंकुत्सु-दाचीत, म्हणजे लांब पवित्र्यात, ओई-झुकीचे ठोसे मारत जायचं, गेदान-बाराईनं खाली अडवत परत यायचं. सरांच्या "इची, नी, सान"वर सगळी पोरं एकदम. पाऊल एवढं लांब की मांड्या पेटायच्या. कंबर वळवून ठोसा सोडायचा आणि लागायच्या क्षणी सगळं अंग आवळायचं, तो किमे. मग एखादा हेइआन काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्यानं करायची मालिका. शेवटी मोजून कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत. गोहोनमध्ये समोरचा पाच पावलं हल्ला करत येणार, तुम्ही पाच पावलं अडवत मागे जाणार आणि पाचव्याला उलट ठोसा देणार.

इथे पाय जेमतेम खांद्याइतके लांब. पुढच्या पायाची बोटं आत, गुडघे किंचित आत, माकडहाड खाली ओढलेलं. ही सांचिन-दाची. अंगातला शर्ट काढायचा, तीन पावलं पुढे जायचं, आणि प्रत्येक ठोशाला नाकातून आत, तोंडातून घशाचा आवाज करत बाहेर असा श्वास. सर मागून येऊन खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर थापट्या मारत कुठे ढिलं पडलंय ते बघतात. उरलेला वेळ जोडीनं. हातावर हात आपटायचे, नाहीतर मनगटाला मनगट चिकटवून ढकलाढकली करायची, तिला काकी-ए म्हणतात. आणि कोपऱ्यात डब्यात सिमेंट ओतून, मधे दांडकं रोवून घरी बनवलेले चीशी.

नेटवर शैलींचा विषय निघाला की दहाव्या प्रतिसादापर्यंत "कोणती भारी" सुरू होतं. ते इथे नको. मला वाटतं ठोसे, लाथा, अडवणं सगळीकडे जवळपास तेच आहे, खरा फरक वेळेच्या वाटपात आहे. सरांकडे दीड तास असतो. लांब पावलं घटवायची तर जोडीचं काम मागे पडणार, सांचिन करायचा तर मोकळी कुमिते मागे पडणार. वर्ग काय गाळतो ते पाहिलं की पाटी न वाचताही शैली ओळखता यावी.

तर आपापल्या वर्गाचा तास कसा जातो ते लिहा. सोडलेल्यांनीही लिहा.

चिकूची आई

लेक आठ वर्षांची. वर्ग सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शैलीबिली असते हे आत्ता तुमच्याकडून कळतंय. मला एवढंच माहीत की दर तीन महिन्यांनी परीक्षा असते आणि दर परीक्षेला फी. सध्या ऑरेंज बेल्ट. वाचतेय.

योकोहामाकर

पन्हाळकर, वाटपाचा मुद्दा पटला. पण ते वाटप कुणा सरांनी आपल्या आवडीनं केलेलं नाही. कुठे शिकवायचं आणि कुणाला, यावरून ते ठरत गेलं. जरा मागे जातो, पाल्हाळ वाटलं तर पुढचा प्रतिसाद गाठा.

ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर, हे शिक्षण अंगणातलं. शुरी हे राजवाड्याचं गाव, नाहा बंदर, मधे तोमारी, आणि एकेका गुरूकडे मोजकी माणसं. त्याला पहिला मोठा धक्का दिला शुरीच्या इतोसू आंको यांनी. १९०१च्या सुमारास त्यांनी कराटे प्राथमिक शाळेत आणलं. समोर वर्गभर पोरं, हातात शाळेचा तास. कुशांकूसारखा लांबलचक काता तिथे कुठला जमायला! मग त्यांनी पाच पिनान काता बसवले. (शोतोकानवाले यांनाच हेइआन म्हणतात.) गंमत अशी की याच इतोसूंनी १९०८ साली शिक्षण खात्याला कराटेवर दहा कलमी पत्र लिहिलं, त्यात माकिवारावर (ठोसे मारायची रोवलेली फळी) रोज प्रत्येक हातानं शंभर-दोनशे ठोसे मारायला सांगितलं आहे. शाळेत आणलं म्हणून त्यांच्या मनातलं कराटे मवाळ झालं होतं असं नाही.

पुढचा टप्पा फुनाकोशी गिचिन. शिक्षकी पेशातले, वय पन्नाशी ओलांडलेलं. १९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी टोकियोला आले आणि तिथेच राहिले. शिष्य मिळाले ते विद्यापीठांत. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा क्लब निघाला, पाठोपाठ इतर विद्यापीठांत. आता विद्यार्थी कोण, तर विशीतली दणकट पोरं, हातात मोजकी वर्षं, दर एप्रिलला नवी तुकडी. एक शिकवणारा, समोर पन्नास शिकणारे. तुम्ही लिहिलेल्या रांगा आणि मोजणी तिथल्या आहेत. पांढरा ड्रेस, पट्टे आणि दान (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) ही व्यवस्था ज्युडोकडून उचलली. फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले तेही १९२४ सालीच. पावलं लांबली आणि लाथा वर गेल्या त्याचं श्रेय बहुतेक त्यांच्या मुलाला, गिगोला देतात. तो १९४५ मध्ये ऐन तारुण्यात गेला.

युद्धानंतर १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली. नाकायामा मासातोशी यांच्या हाताखाली प्रशिक्षक तयार करून देशोदेशी पाठवले गेले, म्हणून आज जगात कुठेही शोतोकानचा वर्ग शोतोकानसारखाच दिसतो. फुनाकोशींना स्पर्धा आवडत नव्हत्या. ते एप्रिल १९५७ मध्ये वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

इकडे गोजू-रयूचे मियागी चोजुन नाहालाच राहिले. युद्धानंतर तर स्वतःच्या बागेत शिकवायचे. त्यांचे गुरू हिगाओन्ना कानर्‍यो चीनमधल्या फुझोऊला जाऊन आलेले, सांचिनवर वर्षानुवर्षं घासून घेणारे. बागेत सात-आठ माणसं असली की प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारता येते. पन्नासांच्या पाठीवर कधी मारणार?

आणि एकच काता वेगवेगळ्या अंगांवर कसा दिसतो ते बघायचं असेल तर सेसान बघा. शुरीकडेही आहे, नाहाकडेही. शोतोकानमध्ये त्याचं नाव हांगेत्सु. पाय रुंद फाकवून अर्धवर्तुळात सरकतात, पहिला भाग संथ. गोजूचा सेसान सांचिन-दाचीत सुरू होतो आणि जवळच्या अंतरावर काम करतो. वाडो शैलीत तो सेइशान. उएची-रयूत तोच काता उघड्या हातांनी, बोटांच्या सांध्यांनी आणि पायाच्या अंगठ्याच्या टोकानं मारायचा. चारही एकापाठोपाठ एक पाहा. आराखडा ओळखू येतो, पण मारायचं अंतर, वजन आणि श्वास प्रत्येकात निराळे.

तिसरा मजला

योकोहामाकर, क्या बात! सेसानचं लगेच बघितलं.

मी बरीच वर्षं गोजू करतोय, म्हणून पन्हाळकरांच्या वर्णनात थोडी भर. चीशी, गळे पकडून चालायची मातीची मडकी म्हणजे निगिरी-गामे, कुलपासारखे दगडी इशी-साशी, माकिवारा, या सगळ्याला मिळून होजो-उंदो म्हणतात. पूरक व्यायाम. कोल्हापूरच्या तालमीत मुद्गल फिरवलेल्या माणसाच्या हातात चीशी द्या, त्याला शिकवावं लागत नाही. मनगट, कोपर, खांदा, पाठ एका ओळीत कसं ठेवायचं हे त्याला आधीच माहीत असतं. मोठी लोखंडी कडी असते ना, कोंगोकेन, ती तर मियागी १९३४ मध्ये हवाईला गेले तेव्हा तिथल्या पैलवानांकडे पाहून आणली. म्हणजे "प्राचीन ओकिनावी परंपरा" वगैरे बोलताना जरा जपून.

पण एका गोष्टीला हरकत. "सांचिन करायचा तर मोकळी कुमिते मागे पडणार" हे आमच्या वर्गात खरं, सगळ्या गोजूत नाही. मुख्य जपानात यामागुची गोगेन यांनी गोजू-काई उभी केली, तिथे मोकळी कुमिते भरपूर. भारतातही गोजूच्या दोन्ही वाटा आहेत. एकाच शैलीच्या दोन वर्गांत तास अगदी वेगळा जाऊ शकतो, त्यामुळे पाटी न वाचता शैली ओळखण्याची तुमची कसोटी इथे अडते. पाटीवरून तास ओळखता येणार नाही हे मात्र नक्की.

दुसरं असं की मियागींनाही शाळा चुकली नाही. १९४० साली प्रसारासाठी सोपे काता हवे होते तेव्हा त्यांनी गेकिसाई बसवले. पांढऱ्या पट्ट्याचा जो काता तुम्ही आत्ता शिकत असाल तो हाच. यातल्या ठोशांची आणि पावलांची चाल तुम्हाला ओळखीची वाटली असेल.

पन्हाळकर

हो, वाटली! गेकिसाई दाई इची पहिल्याच दिवशी घरचा वाटला. बाकी सगळ्याला मात्र अजून हात जड आहेत. सर म्हणतात, "तुमचा ठोसा चांगला आहे, पण तो समोरच्या इमारतीत लागतो."

कसोटीचा मुद्दा मान्य. वर्ग म्हणूया, शैली नको.

बोक्या_भाऊ

माझी शैली: पळ-रयू. तास पूर्ण पळण्यात जातो.

लो-किक

किमे, सांचिन, सेसान, सगळं सुरेख. पण तासात खरोखर किती वेळा लागतं? ते कुणीच लिहिलं नाही.

मी मुंबईत क्योकुशिन करतो. अर्धा तास घाम काढणारा वॉर्म-अप आणि दंड-बैठका. किहोन जागेवर उभं राहून. काता थोडा. मग पॅड, मग कुमिते. हातात मोजे नाहीत. छाती-पोटावर पूर्ण जोरानं ठोसे, मांडीवर लो किक, डोक्यावर लाथ चालते. हातानं चेहऱ्यावर मारायचं नाही, एवढाच मोठा निर्बंध. पहिल्या पावसाळ्यात मी लोकलचे जिने उलटे उतरत होतो, मांडी वाकेना म्हणून.

ओयामा मासुतात्सु यांनी शोतोकान केलं, गोजू केलं, आणि मग १९५०च्या दशकात आपलं काढलं. आमच्या यादीत पिनान आहेत आणि सांचिन, तेन्शो, साइफा, सेइएन्चिनही आहेत, म्हणजे दोन्हीकडचं घेतलंय. १९६९ मध्ये पहिली खुली राष्ट्रीय स्पर्धा, १९७५ मध्ये जागतिक. वर शंभर माणसांची कुमिते, एका माणसानं ओळीनं शंभर जणांशी. ज्याला आपला ठोसा लागतो की नाही हेच माहीत नाही त्यानं किमेवर दहा वर्षं घालवावी हे मला कळत नाही. राग मानू नका.

पन्हाळकर

राग नाही, पण अंगाला चाटून जाईल असा ठोसा पूर्ण वेगात मारून त्वचेवर थांबवणं, सुनदोमे, हे कमी कौशल्याचं नाही. थांबवता येतो त्याला दोन इंच पुढेही नेता येतो.

लो-किक

असं सगळे म्हणतात. टोकियो ऑलिंपिक आठवतंय? ७ ऑगस्ट २०२१, पुरुषांचा ७५ किलोवरचा अंतिम सामना. सौदीचा तारेग हामेदी ४-१नं पुढे, डोक्यावर लाथ घातली, इराणचा सज्जाद गंजझादे बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून नेला. आणि सुवर्ण कुणाला? स्ट्रेचरवाल्याला. जास्त जोरात मारलं म्हणून दुसरा बाद. तुमच्या कराटेत जिंकायचं तर आडवं पडावं लागतं.

साष्टीकर

लो-किक, तो सामना मीही पाहिला आणि दोन दिवस त्यावरून भांडलो. मी शितो-रयू शिकवतो आणि मुलांना स्पर्धेला नेतो, म्हणून नियमाच्या बाजूनं बोलतो.

त्या स्पर्धेचा पाया सुनदोमेच आहे. गुण कशाला तर वेग, अंतर, पवित्रा आणि ताबा यांना. डोक्यावरच्या लाथेला तीन गुण मिळतात, पण तिनं स्पर्श करायचा आणि थांबायचं. त्यानं ताबा सोडला म्हणून बाद झाला. नियमाप्रमाणे बरोबर, बघायला मात्र भयंकर, हे मीही कबूल करतो. पण तुमच्या नियमाचंही तसंच आहे की. चेहऱ्यावर हात नाही म्हटल्यावर क्योकुशिनवाले छातीला छाती भिडवून, हात खाली ठेवून मारतात. ज्या गोष्टीला नियमात जागा नाही ती अंग विसरतं. तुमचं चेहरा राखणं गेलं, आमच्या पोरांचं मार खाणं गेलं.

आमच्या तासाचं विचारलं होतं. माबुनी केन्वा यांनी शितो-रयूत इतोसू आणि हिगाओन्ना दोघांचं घेतलं. नावातली पहिली दोन अक्षरंसुद्धा त्या दोन गुरूंच्या नावांतली. त्यामुळे काता भरमसाट, पन्नासच्या आसपास. गोजूची यादी बाराची, शोतोकानची साधारण सव्वीसची, आणि आमच्याकडे पोरं वही घेऊन येतात! तास कातावर जातो हे उघड आहे. पिनान झाले की शुरीकडचे बासाई, कुशांकू, शिवाय नाहाकडचे साइफा, सेइएन्चिन. आज कमरेच्या झटक्याचं कराटे, उद्या श्वास दाबायचं. आमच्यातल्या बऱ्याच वर्गांची कमजोरी इथेच आहे. खूप येतं, मुरलेलं थोडं. त्यात स्पर्धा आली की काता न्यायाधीशाला दिसेल असा करायचा. डोळे मोठे, थांबे लांब, कपड्याचा आवाज. माबुनींनी बचावाची पाच तत्त्वं सांगितली आहेत: जोरानं खाली आदळणं, पाण्यासारखं वाहू देणं, गुडघ्यांनी उंची बदलणं, जागा बदलणं आणि अडवताना उलट मारणं. माझ्याच वर्गात कितीजणांना ती जोडीदारावर करून दाखवता येतील? मार्च-एप्रिलमध्ये, स्पर्धा नसतात तेव्हा, आम्ही फक्त तेवढंच करतो. बाकी वर्षभर पालक विचारतात, "पदक कधी?"

योकोहामाकर

साष्टीकर, प्रामाणिक प्रतिसाद. त्याच ऑलिंपिकात पुरुषांच्या कातात सुवर्ण घेतलं ते ओकिनावाच्या कियुना र्‍योनं. ओकिनावाला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्याची शैली र्‍युएइ-रयू, शोतोकान, गोजू, शितो, वाडो या मोठ्या चारांपैकी एकही नाही. नाकाइमा घराण्यानं कित्येक पिढ्या ती घरातच ठेवली होती. स्पर्धेचा काता म्हणजे पोकळ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्याचा काता जरूर बघावा.

फुनाकोशींचं राहिलं. त्यांनी लिहून ठेवलंय की तेक्कीचे तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. तीन काता, तेही एका रेषेत डावी-उजवीकडे सरकायचे! आणि चिकूच्या आईची लेक दर तीन महिन्यांना नवा काता शिकते.

लेस्टरकर

वाडोचं कुणी लिहीत नाही म्हणून लॉग-इन झालो. इंग्लंडात वाडो-रयू गल्लोगल्ली आहे. सुझुकी तात्सुओ १९६५ मध्ये लंडनला आले, त्यांच्यामुळे.

वाडो काढणारे ओत्सुका हिरोनोरी हे मुळात जुजुत्सूचे (धरपकडीची जुनी जपानी विद्या), शिंदो योशिन-रयूचे. १९२२ मध्ये फुनाकोशी टोकियोला आल्यावर त्यांच्याकडे कराटे शिकले आणि नंतर वेगळे झाले. एकट्यानं करायच्या कातांवर त्यांचं समाधान होईना. जुजुत्सूत सगळं जोडीनं असतं. मग त्यांनी जोडीचे काता बसवले. दहा किहोन-कुमिते, बसून करायचे, सुरीहल्ल्याचे. एकट्याचे काता आमच्याकडे थोडेच, बहुतेक वर्गांत नऊ.

आमचा निम्म्याहून जास्त तास या जोड्यांत जातो. पवित्रा आखूड, उंच. ठोसा अडवायचा नाही. तो येऊ द्यायचा, आपण किंचित तिरकं होऊन त्याच्या आत सरकायचं, आणि आपला ठोसा त्याच वेळी निघालेला हवा. नागासु, इनासु, नोरु: वाहून नेणं, चुकवून वळवणं, वर स्वार होणं. घाम फारसा येत नाही. शोतोकान करून आलेली माणसं महिनाभरात कंटाळून जातात, "इथे व्यायामच होत नाही" म्हणून. मी कंटाळलो नाही कारण मला व्यायाम नको होता. :)

एक तोटा सांगतो. जोडीदार ठरलेला हल्ला ठरलेल्या रेषेत करतो. तो प्रामाणिक नसेल, ठोसा मुद्दाम शेजारून मारत असेल, तर दहाच्या दहा कुमिते सुंदर दिसतात आणि काहीच शिकवत नाहीत. आमच्या वर्गातला एक वेल्श आजोबा खरोखर नाकावर मारतो. त्याच्याबरोबर कुणी उभं राहायला बघत नाही, आणि शिकलो ते सगळं त्याच्याकडूनच.

लो-किक

वेल्श आजोबांना आमच्याकडे पाठवा. मोफत प्रवेश.

साष्टीकर, चेहरा राखण्याचं मान्य. आमच्याकडे जुने लोक आता बॉक्सिंगचे मोजे घालून वेगळा सराव करतात, तो याचसाठी.

ढोपर

मी फिजिओथेरपिस्ट. कराटे केलेलं नाही, पण तुम्ही सगळे शेवटी माझ्याकडे येता, त्यामुळे शैली मला सांध्यावरून कळते.

लांब पवित्रेवाल्यांचे गुडघे. पाऊल जमिनीला घट्ट आणि वरून कंबर फिरवली की पीळ गुडघ्यात उतरतो. वळताना टाच किंवा चवडा मोकळा करा, आणि पुढचा गुडघा बोटांच्या रेषेत ठेवा, आत पडू देऊ नका. हे सरांनी सांगितलेलं असतंच, थकल्यावर कुणी पाळत नाही. क्योकुशिनवाल्यांच्या मांड्या आणि बरगड्या, त्यावर मी काय बोलणार. सांचिनवाल्यांना एकच सांगणं: ब्लड प्रेशर असेल तर दम कोंडून अंग आवळू नका. डॉक्टरांना विचारा, श्वास वाहता ठेवा.

आणि लहान मुलांना माकिवारा किंवा हातावर हात आपटणं अजिबात नको. हाडं वाढीला लागलेली असतात.

तिसरा मजला

ढोपरताई, आमच्याकडे सोळाच्या आत होजो-उंदोतलं फक्त हलकं चीशी, तेही बघून. हात आपटण्याचा भाग मोठ्यांनाच. उएची-रयूत तर हात-पाय-पोट कडक करणं हा रोजच्या तासाचाच भाग आहे. उएची कानबुन १८९७ मध्ये फुझोऊला गेले आणि तीनच काता घेऊन परतले: सांचिन, सेसान, सानसेइर्‍यू. पुढे त्यांच्या मुलाच्या काळात मधले पाच आले, आता आठ आहेत. योकोहामाकरांनी लिहिलेला अंगठ्याच्या टोकाचा फटका मी एकदा पोटात खाल्लाय. परत नको.

चिकूची आई

सगळं वाचलं. दोनदा. आता प्रश्न.

सरांना विचारलं शैली कोणती, तर म्हणाले "ओरिजिनल जॅपनीज". पुढे विचारायचा धीर झाला नाही. लेकीला काता करून दाखवायला सांगितला. नाव सांगते "पिनान निदान". हा तिचा पहिला काता होता. सुरुवातीला डावीकडे वळून मांजरासारखी उभी राहते, सगळं वजन मागच्या पायावर, पुढचा पाय नुसता टेकलेला. ओळखा पाहू.

पन्हाळकर

शोतोकान नाही हे नक्की. आमच्याकडे पहिला हेइआन शोदान आणि सुरुवात लांब झेंकुत्सुत, खाली अडवून.

योकोहामाकर

आणि तरी काता तोच आहे बरं का. फुनाकोशींनी नावांबरोबर पहिल्या दोघांचा क्रमही बदलला. इतरांचा पिनान निदान तो शोतोकानचा हेइआन शोदान. मांजराचा पवित्रा म्हणजे नेको-आशी-दाची, तो शोतोकानमध्ये या कातातून काढला गेला. म्हणजे चिकू शितो किंवा वाडो करते.

लेस्टरकर

वाडोतही पिनान निदान पहिला आणि सुरुवात मांजरपवित्र्यात. मी आशा सोडलेली नाही.

साष्टीकर

सोपं आहे. परीक्षेचा अभ्यासक्रम लिहिलेला कागद दिला असेल, त्यात पुढच्या पट्ट्यांचे काता बघा. साइफा किंवा सेइएन्चिन असेल तर शितो. वाडोत हे नाहीत.

आणि ताई, फीबद्दल: परीक्षा किती वेळा होते यापेक्षा कुणी कधी नापास होतं का ते विचारा. आणि एक तास तिथे बसून बघा. मुलं जोडीनं किती वेळ काम करतात, सर प्रत्येकाचा हात-पाय धरून दुरुस्त करतात की समोर उभं राहून नुसतं मोजतात, तेवढंच बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चांगला वर्ग चालू शकतो, आमचा सुरुवातीला चर्चच्या मागच्या पडवीत होता.

चिकूची आई

कागद सापडला, फ्रिजवरच होता. ब्राऊन बेल्टच्या रकान्यात "सेइएन्चिन" आहे. आणि काल बसले तासभर. सर मोजतात कमी, दुरुस्त जास्त करतात. जोडीनं वीसेक मिनिटं. नापास दोघं झाली होती म्हणे, त्यातला एक सरांचा स्वतःचा मुलगा.

साष्टीकर

मग शितो-रयू, आणि सर चांगले मिळालेत. लेस्टरकर, क्षमस्व.

सेइएन्चिनला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण सांगून ठेवतो: त्यात एकही लाथ नाही, आणि बहुतेक सगळा काता शिको-दाचीत, मांड्या फाकवून खाली बसून करायचा. लाथा मारायला म्हणून कराटेला आलेली मुलं तिथे हमखास रुसतात.